अनुभव धागा: मॅच राहिली बाजूला, वाद भलत्याच गोष्टीवर!

मंडळी, फुटबॉलवाल्यांचे फुटबॉलवरचे वाद सगळ्यांना ठाऊक आहेत. पेनल्टी होती की नव्हती, मेस्सी मोठा की रोनाल्डो. त्यातून पुष्कळदा मनं दुखावतात, लोक ग्रुप सोडून जातात. मला जिव्हाळा आहे तो अवांतर वादांचा. लाइनअप यायला वेळ असतो, किंवा देशांच्या सामन्यांमुळे क्लबांना सुट्टी असते, आणि कुणीतरी भलताच विषय काढतं. मग माणसं जिवाच्या आकांताने भांडतात आणि राग कुणालाच येत नाही. तुमच्या वाट्याला आलेले असे वाद इथे लिहा. सविस्तर लिहा, घाई नाही.

सुरुवात मीच करतो. आमच्या बार्सिलोना-माद्रिद ग्रुपवर आम्ही थोडे नाशिकचे, बाकी बरेचसे कोल्हापूरचे. एल क्लासिकोच्या, म्हणजे याच दोन क्लबांच्या सामन्याच्या रात्री मी मिसळीचा फोटो टाकला: मटकी, वर फरसाण, शेजारी पाव, पापड आणि दही. माद्रिदवाला एक कोल्हापूरकर लगेच उगवला, "भावा, मिसळीसंगं पाव खातंय व्हय कोण? ब्रेड पायजे, ब्रेड!" बघता बघता बार्सावाले कोल्हापूरकर त्याच्या बाजूला गेले आणि माद्रिदवाले नाशिककर माझ्या. पाव कट पिऊन घेतो आणि तरी हातात टिकतो, ब्रेड विरघळतो, हा माझा मुद्दा. "विरघळायलाच पायजे," हे त्यांचं उत्तर. एकाने ब्रेडचा तुकडा कटात बुडवून व्हिडिओच टाकला. तुकडा बोटांतून सुटून वाटीत पडला, आणि दोन्ही बाजूंनी तोच पुरावा म्हणून वापरला. पहिला गोल निम्म्या ग्रुपने पाहिलाच नाही.

*कोल्हापूर, मंगळवार पेठ*
आमच्याकडं क्लब म्हणजे तालीम. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ. शाहू स्टेडियमवर मॅच असली की पेठा आमनेसामने येतात, आणि कधी कधी मॅचनंतरही तापलेल्याच राहतात. म्हणून अवांतर वादाची किंमत आम्हाला जास्त कळते. ग्रुपवर भाषा घसरायला लागली की आमचे एक काका हमखास विचारतात, "पांढऱ्या रश्शात काजू घालणारी माणसं कुठल्या पेठेतली रं?" झालं! काजू हॉटेलात, घरी खसखस आणि नारळाचं दूध, असं एक टोक. तिळाशिवाय रस्साच नाही, हे दुसरं. ऑफसाइडवरून एकमेकांचा उद्धार करणारी पोरं आपापल्या आईला विचारून प्रमाण लिहायला लागतात. काका स्वतः काजूवाले की खसखसवाले, हे त्यांनी आजवर सांगितलेलं नाही. मला विचाराल तर ग्रुप त्यांच्यामुळेच शाबूत आहे.

*सांगली*
२०१४ची ब्राझील-जर्मनी सेमीफायनल. आपल्याकडे रात्री दीडला सुरू झाली. नेमार जखमी, थियागो सिल्वा निलंबित, तरी आमच्या ग्रुपवरच्या ब्राझीलवाल्यांनी पिवळे डीपी लावले होते. एकोणतिसाव्या मिनिटाला ०-५. कुणी काही लिहीना. ब्राझीलवाल्यांना चिडवायची अर्जेंटिनावाल्यांकडे एवढी मोठी संधी होती, पण समोरची माणसं खरोखर रडत असणार हे सगळ्यांना कळत होतं. तेवढ्यात अर्जेंटिनावाल्याच एका ताईंनी लिहिलं, "उद्या डब्याला भेंडी आहे. चिकट होऊ नये म्हणून काय करता?" लिंबू पिळा, दही घाला, आधी धुऊन पुसून मग चिरा, झाकण ठेवू नका. ब्राझीलवाला एक जण म्हणाला, चिंच घालतात, तर दोन्ही संघांचे लोक त्याच्यावर तुटून पडले. ७-१ झालं तेव्हा आम्ही ताकातल्या भेंडीवर होतो. अर्जेंटिनाची सेमीफायनल दुसऱ्या दिवशी होती, तरी त्या रात्री त्यांच्यातल्या एकानेही ब्राझीलचं नाव काढलं नाही. एवढं मोठं मन मी मैदानावरही क्वचित पाहिलं.

*कोलकाता (मूळ रत्नागिरी)*
इथे तर अवांतर वाद हाच परंपरेचा भाग. ईस्ट बंगालचा मासा इलिश, मोहन बागानची कोळंबी. ईस्ट बंगाल १९२०चा क्लब, पूर्व बंगालातून आलेल्या कुटुंबांचा जीव त्याच्यात. मोहन बागान इथल्या जुन्या रहिवाशांचा. डर्बी, म्हणजे एकाच शहरातल्या या दोघांचा सामना, जिंकणाऱ्याने आपला मासा घरी न्यायचा. ऑफिसच्या ग्रुपवर इलिशवाले म्हणतात, कोळंबी हा मासाच नव्हे, किडा आहे. कोळंबीवाले म्हणतात, इलिश खाताना निम्मा जेवणाचा वेळ काट्यात जातो. मोहन बागानवाल्यांनी १९११ साली जिंकलेली आयएफए शील्ड स्पर्धा काढली की ईस्ट बंगालवाले १९७५ साली त्यांना मारलेले पाच गोल काढतात, आणि पुन्हा मोहरीच्या वाटणावर येतात. मला विचारलं, "दादा, तुमच्याकडचा चांगला मासा कुठला?" मी अभिमानाने सुरमई आणि पापलेट सांगितलं. काय सांगू, दोन्ही पक्ष एका क्षणात एक झाले! समुद्राच्या माशाला चव ती काय, नदीचा मासाच खरा. रत्नागिरीच्या माणसाने हे ऐकून घ्यायचं? मी अजून लढतोय. पुढच्या डर्बीला तिरफळ घातलेलं बांगड्याचं तिखलं घेऊन जाणार आहे.

*मँचेस्टर*
माझ्या ऑफिसच्या टीममध्ये लाल (युनायटेडवाले) आणि निळे (सिटीवाले) दोन्ही. डर्बीच्या आठवड्यात चॅटवर एकच विषय: जाफा केक हा केक की बिस्किट? खाली स्पंज, वर संत्र्याची जेली आणि चॉकलेट. यावर इथे खरोखर खटला चालला. केकवर व्हॅट लागत नाही, चॉकलेट लावलेल्या बिस्किटावर लागतो. १९९१ साली लवादाने केक ठरवला. त्यातला एक मुद्दा मला फार आवडतो: शिळा झाला की केक कडक होतो, बिस्किट मऊ पडतं. दिवाळीत मी शंकरपाळ्या नेल्या आणि हीच कसोटी त्यांना लावायला सांगितली. युनायटेडवाले म्हणाले बिस्किट, सिटीवाले म्हणाले पेस्ट्री. डबा मात्र शिळं होण्याची वाट न बघता संपला.

*फोंडा, गोवा*
आम्ही एफसी गोवावाले, पण मुंबई सिटी क्लबचे मित्रही आमच्या ग्रुपवर आहेत. २०१५ साली फातोर्ड्यात आम्ही त्यांना ७-० हरवलं, ते आम्ही विसरू देत नाही. २०२०-२१च्या सेमीफायनलमध्ये त्यांनी आम्हाला पेनल्टीवर हरवलं, ते मुंबईवाले विसरू देत नाहीत. पण चवथ (गणेश चतुर्थी) जवळ आली की हे सगळं मागे पडतं आणि नेवरी (आमची करंजी) की मोदक सुरू होतं. मुंबईकर उकडीच्या मोदकाच्या कळ्या मोजून दाखवतात. आम्ही गणपतीच्या वर टांगायच्या माटोळीचे फोटो टाकतो: सुपाऱ्यांचे घोस, नारळ, रानातली फळं. त्यापुढे मंडळाच्या लायटिंगचं काय कौतुक? यंदा त्यांच्यातला एक जण माटोळी बघायला घरी येतोय. मुंबई सिटीची जर्सी घालून येणार म्हणतो. येऊ दे, नेवऱ्या तयार असतील.