अक्षांश-रेखांश : हा कोन नेमका कुठे असतो?

भूगोल_काठावर_पास

शाळेत आडव्या रेघा म्हणजे अक्षवृत्तं आणि उभ्या म्हणजे रेखावृत्तं एवढं पाठ केलं, मार्क मिळाले, विषय संपला. आता मोबाईलच्या नकाशावर बोट दाबून धरलं की दोन आकडे येतात, उदाहरणार्थ आयफेल टॉवरवर दाबलं तर ४८.८५८४, २.२९४५ असं काहीतरी. हे अंश आहेत हे ठाऊक आहे, पण अंश म्हटलं की कोन आला, आणि कोन म्हटलं की दोन रेषा कुठेतरी मिळायला हव्यात ना, त्या कुठे मिळतात? जमिनीवर तर कुठे कोन दिसत नाही. पुस्तकातल्या संत्र्याच्या फोडी बघून झाल्या, त्याने रेघा कळल्या, कोन नाही कळला. आणि अक्षांश ९० ला थांबतो तर रेखांश १८० पर्यंत का जातो? आणि एक अंश म्हणजे १११ किमी असं कुठेतरी वाचलंय, ते दोन्हीला लागू आहे का? कोणी सोप्या भाषेत सांगेल का, गणित थोडंफार चालेल.

उत्तरध्रुव

कोन जमिनीवर नाहीच, तो पृथ्वीच्या पोटात आहे. अशी कल्पना करा की तुम्ही पृथ्वीच्या अगदी केंद्रात उभे आहात, डोकं उत्तर ध्रुवाकडे, आणि हात सरळ समोर धरलाय. सगळीकडे काच आहे समजा. समोर विषुववृत्त, आणि हात बरोबर त्या बिंदूकडे जिथे ग्रीनिचमधून खाली येणारं रेखावृत्त विषुववृत्ताला कापतं. ही सुरुवात, ०,०. आता आयफेल टॉवर दाखवायचाय तर आधी अख्खं अंग पूर्वेकडे वळवा २.२९ अंश, हा झाला रेखांश. मग हात वर उचला ४८.८६ अंश, हा झाला अक्षांश. बोट टॉवरच्या पायाशी. एक वळणं आणि एक उचलणं, बास, पृथ्वीवरची कुठलीही जागा या दोन हालचालींत येते.

९० आणि १८० पण यातूनच निघतं. हात वर उचलत नेला तर ९० अंशाला सरळ डोक्यावर जातो, म्हणजे ध्रुव आला, त्याच्या पुढे नेला तर पलीकडच्या बाजूला खाली यायला लागतो आणि ती जागा तर तुम्ही वळून पण दाखवू शकला असता, म्हणून ९० च्या पुढे आकड्याची गरजच नाही. वळणं मात्र पूर्ण गोल आहे, ३६० अंश. त्याचे १८० पूर्व आणि १८० पश्चिम असे भाग केलेत इतकंच. मंगळाच्या नकाशांवर बऱ्याचदा सरळ ० ते ३६० पूर्व असंच लिहितात, काही बिघडत नाही. १९० पूर्व म्हणजे १७० पश्चिमच.

जाता जाता, ध्रुवावर हात सरळ वर असतो तेव्हा तुम्ही कुठेही तोंड करून उभे राहा, बोट तिथेच. म्हणजे ध्रुवाला अक्षांश आहे, रेखांशाला तिथे अर्थच नाही.

भूगोल_काठावर_पास

अरे वा, काचेची पृथ्वी आवडली. वळणं आणि उचलणं हे डोक्यात बसलं एकदम. आता ते १११ चं सांगा कोणीतरी.

मैलाचा_धोंडा

१११ अक्षांशाला कायम लागू (थोडासा फरक पडतो, विषुववृत्तापाशी ११०.६ आणि ध्रुवापाशी १११.७), रेखांशाला फक्त विषुववृत्तावर. कारण सगळी रेखावृत्तं ध्रुवावर एकत्र येतात, त्यामुळे त्यांच्यातलं अंतर वर जाताना आक्रसत जातं. हिशोब म्हणजे १११.३ गुणिले अक्षांशाची कोसाइन. ६० अंशावर निम्मं, साधारण ५६ किमी. ८० अंशावर सुमारे १९ किमीच उरतात. अक्षवृत्तं एकमेकांना समांतर आहेत म्हणून त्यांना हा त्रास नाही.

हा १११ आकाशातून पडलेला नाही बरं का. फ्रेंचांनी १७९० च्या दशकात मीटर ठरवला तोच मुळी ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या अंतराचा एक कोटीवा भाग म्हणून. म्हणजे अख्खा फेरा ४०,००० किमी, भागिले ३६०, आले १११.१. आणि अंशाचे ६० भाग केले की मिनिट, अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक नॉटिकल मैल, १८५२ मीटर. म्हणून जहाजावरची माणसं कागदी नकाशावर अंतर मोजताना कंपासपेटीतल्यासारखा डिव्हायडर नकाशाच्या डाव्या-उजव्या कडेवरच्या अक्षांशाच्या पट्टीवर लावतात, आणि तीही जिथे जहाज आहे त्याच उंचीला, कारण नकाशा वर जाताना ताणलेला असतो. खालच्या रेखांशाच्या पट्टीवर लावलं तर अंतर चुकणारच.

आणखी एक, दशांशाचं. मोबाईल दाखवतो ते दशांश अंश, जुन्या नकाशांवर असतात अंश-मिनिटं-सेकंद. ४८ अंश ५१ मिनिटं ३० सेकंद हे लोक सरळ ४८.५१३० असं टाकतात आणि मग ३८ किलोमीटर दुसरीकडेच जाऊन पडतात. मिनिटं ६० ची आहेत, १०० ची नाहीत, ५१.५ भागिले ६० करा, ४८.८५८३ येईल. आणि पॉइंटनंतर बारा-बारा आकडे चिकटवणाऱ्यांसाठी : पाचवा आकडा म्हणजे साधारण एक मीटर, सातवा म्हणजे एक सेंटीमीटर, आठवा एक मिलिमीटर. मोकळ्या आकाशाखाली मोबाईलचा जीपीएस काही मीटरने चुकतो, तेव्हा बाराव्या आकड्याने नक्की काय दाखवायचंय ते ज्याचं त्यालाच माहीत.

लंबक

वरची सगळी भूमिती बरोबर आहे पण एक मजा राहिली. दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहितात त्यामुळे ते सारख्याच जातीचे वाटतात, तसे ते अजिबात नाहीत. अक्षांश पृथ्वीने स्वतः दिलाय. ती फिरते, म्हणून तिला अक्ष आहे, अक्ष आहे म्हणून ध्रुव आहेत, आणि दोन्ही ध्रुवांच्या बरोबर मध्ये विषुववृत्त. तिथे कोणाला विचारायची गरज नाही. आणि आकाशात तो दिसतो पण, उत्तर गोलार्धात ध्रुवतारा क्षितिजापासून जितका वर दिसेल तितका तुमचा अक्षांश (एखाद्या अंशाहून कमीच फरक, कारण तारा अगदी ध्रुवावर नाही). दक्षिणेत तसा ठळक तारा नाही, तिथे दुपारच्या सूर्याची उंची मोजायची आणि पंचांगातून त्या दिवसाची सूर्याची क्रांती (तो विषुववृत्ताच्या किती अंश उत्तरेला किंवा दक्षिणेला आहे ते) घ्यायची, काम होतं.

रेखांशाचं तसं नाही. पृथ्वी गोल गोल फिरतेय, सगळे तारे सगळ्या रेखावृत्तांवरून रोज एकदा जातात, मग आकाशात बघून तुम्ही पूर्वेला आहात की पश्चिमेला कसं कळणार? फरक एकच, कुठे आधी जातात आणि कुठे नंतर. म्हणजे रेखांश हा खरं तर वेळेतला फरक आहे. २४ तासांत ३६० अंश, तासाला १५, चार मिनिटांना एक. समुद्रात सूर्य सगळ्यात उंच आला तेव्हा तुमच्या इथे दुपारचे बारा. त्या क्षणी ग्रीनिचची वेळ दाखवणाऱ्या घड्याळात तीन वाजले असतील तर तुम्ही तीन तास मागे, ४५ अंश पश्चिम. (सूर्य स्वतः वर्षभरात सोळा मिनिटांपर्यंत पुढेमागे होतो, ती दुरुस्ती तक्त्यातून करायची.)

सोपं वाटतं, पण घड्याळच नव्हतं ना! लंबकाचं घड्याळ हलत्या जहाजावर चालणार कसं. लोक आयुष्यभर अंदाजाने जहाजं हाकायचे. १७०७ मध्ये ब्रिटिश आरमाराची चार जहाजं सिली बेटांच्या खडकांवर फुटली, हजारावर माणसं बुडाली, ॲडमिरल शॉवेल सुद्धा, आपण नक्की कुठे आहोत याचा अंदाज चुकला म्हणून. १७१४ मध्ये तिथल्या संसदेने कायदाच केला, अर्ध्या अंशात रेखांश सांगेल त्याला २०,००० पौंड. मोठे मोठे खगोलशास्त्रज्ञ चंद्राच्या जागेवरून काढायच्या मागे लागले होते आणि उत्तर दिलं जॉन हॅरिसन नावाच्या सुताराने, जो घड्याळं बनवायला स्वतःच शिकला होता. त्याचं चौथं घड्याळ, हातात मावेल एवढं, १७६१ च्या शेवटी जमैकाला निघालं. अर्धा अंश म्हणजे अख्ख्या प्रवासात फक्त दोन मिनिटांची सूट, ते काही सेकंदच मागे पडलं. तरी पूर्ण बक्षीस काही ते ठरवणाऱ्या मंडळाने सरळ हातात दिलं नाही, वर्षानुवर्षं झुलवलं त्याला, ती वेगळी कथा.

भूगोल_काठावर_पास

भारी. म्हणजे शून्य रेखांश कुठेही चाललं असतं? मग ग्रीनिचच का?

लंबक

कुठेही. आणि होतंच की. प्राचीन काळातला भूगोलतज्ज्ञ टॉलेमी, त्याने ते पश्चिमेच्या टोकाच्या बेटांवर ठेवलं होतं, जुन्या भारतीय ज्योतिषगणितात उज्जैनवरून जायचं, फ्रेंचांचं पॅरिसवरून. १८८४ मध्ये वॉशिंग्टनला २५ देश बसले आणि ग्रीनिच ठरलं, मुख्य कारण व्यवहारी, तोवर जगातली बहुतेक जहाजं ग्रीनिचवर बेतलेलेच नकाशे वापरत होती. २२ जण बाजूने, एक विरोधात, फ्रान्स आणि ब्राझील तटस्थ. फ्रान्सने घड्याळं त्याला जुळवली ती थेट १९११ मध्ये.

अंडगोल

सगळं छान चाललंय पण काचेच्या पृथ्वीत एक खोट आहे, उत्तरध्रुव यांनी रागवू नये. पृथ्वी पूर्ण गोल नाही, विषुववृत्तावर त्रिज्या ६३७८ किमी आणि ध्रुवाकडे ६३५७. म्हणून नकाशावरचा अक्षांश हा केंद्रातला कोन नसतोच. तुम्ही उभे आहात तिथल्या (थोड्या चपट्या, गुळगुळीत मानलेल्या) पृष्ठभागाला लंब काढायचा, तो खाली जाऊन विषुववृत्ताच्या पातळीला ज्या कोनात भेटतो तो अक्षांश. हा लंब बरोबर केंद्रातून जात नाही, फक्त विषुववृत्तावर आणि ध्रुवांवर जातो. दोन्हींतला फरक ४५ अंशाच्या आसपास सगळ्यात जास्त, ०.१९ अंश. ऐकायला काहीच नाही, जमिनीवर एकवीस किलोमीटर.

आणि ग्रीनिचला वेधशाळेच्या अंगणात ती धातूची पट्टी आहे ना, जिच्यावर दोन पाय दोन गोलार्धांत ठेवून लोक फोटो काढतात, तिथे मोबाईल काढा, शून्य येत नाही. जीपीएसचं शून्य तिथून १०२ मीटर पूर्वेला आहे. ज्या जुन्या दुर्बिणीवरून ती रेघ ठरवली तिचं 'सरळ वर' हे तिथल्या गुरुत्वाकर्षणावरून ठरवलेलं, आणि ते आसपासच्या जमिनीतल्या वस्तुमानामुळे किंचित कललेलं असतं. उपग्रहांचं गणित पृथ्वीच्या वस्तुमानाच्या केंद्रावरून चालतं, त्याला स्थानिक कल लागत नाही. म्हणजे तिथली दुर्बीण चुकीची नव्हती, 'वर' कशाला म्हणायचं हेच बदललं.

हे कमी म्हणून जमीनही सरकते. ऑस्ट्रेलिया वर्षाला साधारण ७ सेंटीमीटर ईशान्येकडे जातोय, त्यांनी १९९४ चे जुने अक्षांश-रेखांश बदलून २०२० चे आणले तेव्हा सगळं जवळजवळ १.८ मीटरने हललं. स्वतः चालणारी यंत्रं शेतात फिरवायची असतील तर हा फरक पिकावरून चाक नेईल.

उत्तरध्रुव

रागवायचं काय त्यात, पहिल्यांदा समजून घेताना गोलच धरावी, चपटेपणा नंतर. पण २१ किमी वाचून दचकलो खरा.

कोड_खरडणारा

माझं योगदान व्यावहारिक. बोलताना आणि नकाशाच्या ॲपमध्ये अक्षांश आधी, रेखांश नंतर. पण प्रोग्रॅममध्ये बऱ्याच ठिकाणी उलटं, जिओजेसन नावाच्या फॉरमॅटमध्ये रेखांश आधी, कारण ते क्ष आणि य असा विचार करतात. आकडे उलटले की आयफेल टॉवर सोमालियाच्या पूर्वेला हिंदी महासागरात जातो. कधीकधी हे लगेच पकडता येतं, पहिल्या आकड्याची किंमत ९० च्या वर असली की तो अक्षांश असूच शकत नाही. पॅरिससारख्या ठिकाणी दोन्ही आकडे ९० च्या आत, तिथे कॉम्प्युटर चूं करत नाही.

आणि डेटात रिकामे रकाने असले की ते ०,० धरले जातात, त्यामुळे जगभरातल्या लाखो नोंदी गिनीच्या आखातात एकाच बिंदूवर जाऊन बसतात. तिथे जमीन नाही, हवामानाचा एक तरंगता बोया होता, पण नकाशावाल्यांनी गमतीने नल (null, म्हणजे रिकामं) आयलंड नाव दिलंय.

भूगोल_काठावर_पास

समजलं का बघू. -३३.८५६८, १५१.२१५३ म्हणजे उणे आहे म्हणून दक्षिणेला ३३.८६, आणि पूर्वेला १५१.२२, म्हणजे ऑस्ट्रेलिया, सिडनीच्या आसपास. बरोबर ना? एक अजून, १८० पूर्व आणि १८० पश्चिम ही एकच रेघ, मग तिथे रेघेच्या अलीकडे सोमवार आणि पलीकडे रविवार असं खरंच असतं का? एकाच गावात?

लंबक

सिडनीचं ऑपेरा हाऊस आहे ते, बरोबर. दक्षिण आणि पश्चिम उणे, एवढं धरून चाला.

वाराचं : रेखावृत्त सरळ आहे, आंतरराष्ट्रीय वाररेषा वाकडीतिकडी आहे, मुद्दाम लोकवस्ती टाळून वळवलेली. फिजीतल्या तावेउनी बेटावरून १८० चं रेखावृत्त आरपार जातं, पण बेटावर दोन्हीकडे वार एकच. किरिबाटीची बेटं इतकी पसरलेली की देशाच्या दोन भागांत दोन वार चालायचे, सरकारी कामाचे आठवड्यातले चारच दिवस दोन्हीकडे जुळायचे. १९९५ च्या सुरुवातीला त्यांनी पूर्वेकडच्या बेटांचा एक दिवस गाळला आणि रेषा पूर्वेला ढकलली. कोणाची परवानगी लागली नाही, कारण वाररेषा कुठल्याही करारात पक्की केलेली नाही, ज्या त्या देशाने आपला वार ठरवायचा आणि नकाशा काढणाऱ्यांनी त्यामागून रेघ ओढायची.