ग्रीस : सांतोरिनी सोडून पिलोस-मेथोनीकडे जावं का? (आईबाबा सोबत आहेत)

रावपुऱ्याची_लेक
नमस्कार मंडळी, मे महिन्यात ग्रीसचं घाटतंय, सोबत आईबाबा, बाबांना इतिहासाचं वेड आणि आईचे गुडघे कुरकुरणारे. बडोद्यात ज्याला विचारावं तो सांतोरिनीच म्हणतो, ट्रॅव्हलवाला पण तेच पॅकेज पुढे सरकवतो, पण तिथल्या पायऱ्या नि गर्दीचे व्हिडिओ बघूनच मला धाप लागली. बाबांनी नावारिनोच्या लढाईचं कुठेतरी वाचलंय तेव्हापासून मेसिनिया मेसिनिया चाललंय, म्हणजे ग्रीसच्या दक्षिणेच्या पेलोपोनीस द्वीपकल्पाचा खाली नैऋत्येचा कोपरा, पिलोस नि मेथोनी तिथलीच. कोणी गेलंय का तिकडे? गाडी लागतेच का? आणि आम्ही शाकाहारी, अंडं चालतं, मासे नाही.

दांडियाबाजारचे_काका
बेटा, बाबांचं ऐक. पिलोसच्या चौकात बसलं ना की समोर तीच नावारिनोची खाडी दिसते, स्फाक्टेरिया नावाचं लांबोडकं बेट तोंडावर आडवं पसरलंय त्यामुळे आत पाणी एकदम शांत. २० ऑक्टोबर १८२७ ला इंग्रज, फ्रेंच आणि रशियन जहाजं त्या दक्षिणेच्या तोंडातून आत शिरली, ऑटोमन-इजिप्शियन आरमार आत नांगर टाकून उभंच होतं, काही तासांत त्याचा धुव्वा उडाला आणि ग्रीसचं स्वातंत्र्य जवळजवळ पक्कं झालं. गंमत म्हणजे युद्ध कोणी जाहीरच केलं नव्हतं! चौकात तिन्ही ॲडमिरलचं स्मारक आहे, कॉड्रिंग्टन, द रिन्यी, हायडन. आणि हे बेट आधीपासून वाईट नशिबाचं, इसवी सनपूर्व ४२५ ला इथेच स्पार्टाच्या सैनिकांनी अथेन्सपुढे शस्त्रं टाकली होती, स्पार्टन शरण येतात हे तेव्हा कोणाला खरंच वाटेना.

मेथोनी पिलोसहून दहा-बारा किलोमीटर. व्हेनिसवाल्यांचा किल्ला, आत गाव उरलेलं नाही, गवत आणि पडक्या भिंती, पण टोकाला बुर्त्झी नावाचा बुरूज बघून मला अलिबागचा कुलाबा आठवला, फक्त इथे ओहोटीची वाट बघायला नको, दगडी वाट थेट पाण्यातल्या बुरुजापर्यंत जाते. किल्ला १५०० साली तुर्कांनी घेतला. आत चालणं बऱ्यापैकी आहे आणि सावली नावालाच, आईंना सकाळीच न्या.

फतेगंज_फिरस्ता
काकांनी नेस्टरचा महाल सोडलाच की, होमरच्या काव्यातला तो नेस्टर राजा! पिलोसहून साधारण १७ किमी. १९३९ ला ब्लेगन या अमेरिकन पुरातत्त्वज्ञांनी खणायला घेतलं आणि लिनिअर बी या प्राचीन ग्रीक लिपीत हिशेब लिहिलेल्या मातीच्या पाट्या हाती लागल्या, कच्च्या पाट्या हो, भाजलेल्या नाही, पण इसपू १२०० च्या आसपास महालाला आग लागली त्यात त्या आपोआप भाजल्या म्हणून टिकल्या. ज्या आगीने महाल जाळला तिनेच हिशेब वाचवले. वर छप्पर घातलंय आणि उंचावरून चालायचा मार्ग आहे त्यामुळे गुडघेवाल्यांना बरं, खाली मातीचा न्हाणीचा टब अजून जागेवर आहे, नक्षीसकट. बाबांना तिथून ओढून आणावं लागेल.

गाडी मात्र घ्याच. अथेन्सहून कालामाताला बस मिळते, तिथून पिलोसलाही मिळते, पण महाल, वोइदोकिलिया बीच, मेथोनी हे बसने जुळवायचं म्हणजे दिवस वाया, रविवारी तर विचारूच नका. आरटीओतून इंटरनॅशनल परमिट काढून ठेवा, तिकडे उजवीकडून चालवायचं.

अलकापुरीकर
मी जरा उलट बोलते. घरात चालवणारं एकच माणूस असेल तर नाफ्प्लिओ गाव धरा, अथेन्सहून थेट बस आहे आणि मायसीनी, एपिदाव्रोस ही दोन्ही प्राचीन स्थळं जवळ. नाफ्प्लिओ आधुनिक ग्रीसची पहिली राजधानी होती, १८३१ ला देशाचा पहिला प्रमुख कापोदिस्त्रियास याचा खून चर्चच्या दारात झाला ते चर्च अजून आहे. फक्त पालामिदी किल्ल्याला पायऱ्यांनी चढू नका, मागून वर गाडी जाते, टॅक्सी करा.

फतेगंज_फिरस्ता
नाफ्प्लिओ छानच, पण वीकेंडला अख्खं अथेन्स तिथे उतरतं. वोइदोकिलियाला ना छत्री ना कॅन्टीन, अर्धगोल वाळू आणि मागे ग्यालोवाची पाणथळ, पाण्याची बाटली आपली न्या.

रावपुऱ्याची_लेक
चालवणारी मी एकटीच 😬 पण बाबा मॅप उघडून बसलेत आता, नाफ्प्लिओ ऐकायलाच तयार नाहीत. पिलोसलाच राहू मग. जेवणाचं कोणीच बोललं नाही!

दांडियाबाजारचे_काका
अगं उपाशी नाही राहणार. मोठ्या पांढऱ्या वालांची भाजी मिळते, गिगांतेस म्हण, पिवळ्या डाळीचा फावा, भात भरलेले टोमॅटो (खिमा नाही ना हे विचारून घे), उकडलेल्या पाल्याला होर्ता म्हणतात, त्यावर लिंबू पिळून. तेल तिथलंच, कालामाताचं, हात सैल ठेवून ओततात. स्फेला नावाचं खारट चीज मिळालं तर पावाबरोबर घ्या, मीठ जरा जास्त असतं, बाबांना बीपी असेल तर दोन तुकड्यांवर थांबवा. तिखटाची सोय मात्र घरून न्यायची, डब्यात लसणाची चटणी टाक.