चेंजलॉग हाताने लिहिणारे म्हणे कारकून!

टर्मिनलकर: काल इथे एकाने चेंजलॉगवर, म्हणजे नव्या आवृत्तीत काय बदललं त्या यादीवर, ठोकून दिलं: "चेंजलॉग हाताने लिहिणारे निव्वळ कारकून. कन्व्हेन्शनल कमिट्स पाळा, सिमँटिक-रिलीज लावा, विषय संपला."

आमच्याकडे विषय तिथेच सुरू झाला. बिलिंगच्या अ‍ॅपला हेच लावलं: प्रत्येक कमिटच्या, म्हणजे कोडमधल्या नोंदवलेल्या बदलाच्या, वर्णनाआधी ठरावीक शब्द लिहायचा, तो वाचून टूल आवृत्ती आणि चेंजलॉग काढतं. 'फीट' (नवी सोय) आलं की मायनर, म्हणजे मधला आकडा, 'फिक्स' (दुरुस्ती) आलं की पॅच, म्हणजे शेवटचा, आवृत्ती आपोआप वाढते. झकास. मग एकाने जीएसटीचं राउंडिंग बदललं. आधी दर ओळीला व्हायचं, ते एकूण बेरजेवर आणलं. कमिट काय? 'रिफॅक्टर: टॅक्स हेल्पर आवरला'. ('रिफॅक्टर' म्हणजे निकाल न बदलता कोड नीटनेटका करणं.) डीफॉल्ट सेटिंगला रिफॅक्टर चेंजलॉगमध्ये येतच नाही! आलं काय, तर 'फिक्स: टायपो', 'फिक्स: परत टायपो', 'फिक्स: आता तरी चाल'. आठवड्याने ग्राहकाच्या अकाउंटंटचा फोन, "बिलात ४० पैसे कुठून आले हो?"

पाइपलाइनवाला: नाचता येईना अंगण वाकडं. आकडा बदलला तर ते रिफॅक्टर कसलं? रिव्ह्यूला कोण झोपलं होतं?

टर्मिनलकर: मीच. शुक्रवारची संध्याकाळ, ४३ फाइल्स. बोला पुढे.

क्यूए_ताई: तुम्ही लिहिता, वाचावं आम्हा टेस्टिंगवाल्यांना लागतं. इमॅक्स या एडिटरवाल्यांचं बघा. चेंजलॉग कमिटवरून काढतात, पण 'न्यूज' फाइल माणूस लिहितो, कारण दोन्हींचे वाचक वेगळे: एकाचे कोड लिहिणारे, दुसरीचे वापरणारे. नाहीतर टाउनक्रायर हे टूल वापरा, पायटेस्ट या पायथनच्या टेस्टिंग टूलमध्ये आहे तसं. बदल करणाऱ्यानेच सोबत दोन ओळींची फाइल टाकायची, रिलीजच्या वेळी टूल त्या जुळवतं.

पाइपलाइनवाला: म्हणजे हातानेच लिहायचं, फक्त हप्त्याहप्त्याने.

जुना_खोडकर: मूळ दुखणं वेगळंच आहे. कमिट इंग्रजीत लिहायची सक्ती कशाला? आमची पोरं चहाच्या टपरीवर बदल असा समजावतात की ऐकत राहावं, आणि कमिटमध्ये 'अपडेटेड चेंजेस'. मी एका प्रोजेक्टला मराठीत लिहू दिलं. पहिल्याच दिवशी आलं: 'पिनकोड रिकामा असला की फॉर्म अडकायचा, आता अडकत नाही'. याहून चांगला चेंजलॉग दाखवा.

पाइपलाइनवाला: आणि चेन्नईची टीम काय शब्दकोश घेऊन बसणार?

जुना_खोडकर: 'अपडेटेड चेंजेस' वाचून त्यांना काय साक्षात्कार होतो ते आधी सांगा.

सातासमुद्रापार: अहो, चार ओळींचं इंग्रजी जमत नसेल तर शिका. भाषेच्या अभिमानाआड आळस लपवू नका. आमच्या टीममध्ये पोलिश आहेत, कोरियन आहेत, कुणी रडत नाही.

जुना_खोडकर: जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलोय, रडत मीही नाही. आळशी कुणाला म्हणता?

क्यूए_ताई: भांडा खुशाल. पण मराठीत लिहा नाहीतर कोरियनमध्ये, पुढे 'रिफॅक्टर' लावलंत तर ती ओळ गाळली जाणारच.

जुना_खोडकर: हे मात्र खरं. आमच्याकडेही दुसऱ्या आठवड्यात 'सरांनी सांगितलेला बदल' आलंच होतं.

पाइपलाइनवाला: बरं बाबांनो. पैशाला हात लागला किंवा काही मोडणार असेल, तर ती ओळ स्वहस्ताक्षरात लिहा, खाली सही-शिक्का मारा. टायपो तरी यंत्राला देणार ना?

टर्मिनलकर: टायपो घेऊन जा. त्या ४० पैशांच्या तक्रारीचं तिकीटही घेऊन जा, अजून उघडंच आहे.