मदत हवी आहे : आईची गोळी संपली, मेडिकलवाला देत नाही

खाडीकाठची : आईची घाबरण्यावरची गोळी परवा संपली. गुहागरच्या दुकानात जुनी चिठ्ठी चालत नाही म्हणाले. दोन रात्री डोळ्याला डोळा नाही, चहाची बशी हातात खडखडते. डॉक्टर सोमवारी येणार. चिठ्ठीशिवाय कुठे मिळेल? लवकर सांगा.

माडबन : गोळी कुठली? किती दिवस घेतायत?

देवगडची वाडी : असल्या गोळ्यांच्या नादाला लागूच नका. माझ्या सासऱ्यांना ब्राह्मी नि अश्वगंधा दिली, सहा महिन्यांत माणूस उभा राहिला.

माडबन : अहो, त्यांना आजची रात्र काढायचीय!

खाडीकाठची : अल्प्राझोलाम ०.५, दोन वेळा. बाबा गेल्यापासून, म्हणजे चार वर्षं. त्याने काय फरक पडतो?

औषधवाला दादा : तोच तर सगळा फरक, ताई. मी काउंटरवर पंधरा वर्षं काढलीत. चार वर्षांची ही गोळी एकदम तुटली की झोप उडते, कंप सुटतो, कधी फिटही येते. सोमवारची वाट बघू नका. रिकामं पाकीट आणि जुनी चिठ्ठी घेऊन आत्ताच ग्रामीण रुग्णालयात जा. दुकानदारावर रागावू नका. २०१४ पासून ही औषधं शेड्यूल एच-१ मध्ये, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या औषधांच्या कडक यादीत आहेत. डॉक्टरांचं, रुग्णाचं नाव वहीत लिहून ती तीन वर्षं जपावी लागते.

दाभोळकर : वही कोण बघतंय! माझ्याकडे प्रोप्रानोलोल आहे, हात थरथरायचे लगेच थांबतात. फेरीने धोपाव्याला पाठवतो.

औषधवाला दादा : नका पाठवू. कंप झाकेल, फिट अडवणार नाही. आणि दमा असेल तर जिवावर बेतेल.

खाडीकाठची : आईला दमा आहे. लिहायचं राहिलं.

दाभोळकर : मग नको.

चिपळूण_पेठ : एस्सिटालोप्राम ही घाबरण्यावरचीच दुसरी गोळी मागून घ्या, मला त्यानेच बरं वाटलं. सवय लागत नाही.

औषधवाला दादा : गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. पुढे डॉक्टर ठरवतील. आज ती कामाची नाही.

सागवे : पावसात दाभोळची फेरी चालू असते का? गाडी न्यायचीय.

माडबन : ताई, निघालात का? मन मोकळं करायला सरकारची हेल्पलाइन आहे, टेली मानस १४४१६, फुकट आणि चोवीस तास. पण आधी रुग्णालय.

खाडीकाठची : पोचलो. डॉक्टरांनी पहिलं विचारलं, शेवटची गोळी कधी घेतली? आईने पदराच्या गाठीतून पाकीट काढून दिलं. तिने त्यातली अर्धी गोळी वाचवून ठेवली होती.