क्वेबेक नॉर्डिक्सचा इतिहास कोलोराडोचा कसा काय?

बर्फवेडा:
माझं स्पष्ट मत, कोलोराडो अ‍ॅवलांचने १९९६ ला जिंकलेला स्टॅनली कप, म्हणजे एनएचएल या आइस हॉकी लीगचं विजेतेपद, क्वेबेकचा होता. १९९५ ला कॅनडातल्या क्वेबेक शहराची टीम नॉर्डिक्स विकली गेली, कोलोराडोतल्या डेन्व्हरला गेली, अ‍ॅवलांच झाली आणि पहिल्याच सीझनला कप. टीमचा स्टार जो साकिक क्वेबेकमध्येच घडला. ८९, ९०, ९१ सलग तीन वर्षं ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या निवडीत) पहिला नंबर मिळावा इतकी टीम तळाला होती, ते सगळं त्या गावाने सोसलं आणि मिरवणूक निघाली डेन्व्हरला. आयत्या बिळावर नागोबा!

डेन्व्हरकर:
अजिबात नाही पटलं. गोलकीपर पॅट्रिक रॉय कुठून आला मग? डिसेंबर ९५ मध्ये मॉन्ट्रियलने डेट्रॉइटकडून ११-१ मार खाल्ला, नऊ गोल होईपर्यंत कोचने रॉयला बाहेर काढलं नाही, तो भर मॅचमध्ये बेंचमागे बसलेल्या प्रेसिडेंटला सांगून आला की ही माझी इथली शेवटची मॅच, आणि चार दिवसांत तो कोलोराडोचा. टीम क्वेबेकमध्ये असती तर मॉन्ट्रियलने कट्टर वैऱ्याला रॉय दिला असता? फायनलची शेवटची मॅच तिसऱ्या ओव्हरटाइमपर्यंत ०-० होती, ती रॉयमुळेच.

बर्फवेडा:
आणि रॉयच्या बदल्यात दिलं कोण? थिबो, रुचिन्स्की, कोव्हालेन्को, तिघेही नॉर्डिक्सचे. कोलोराडोचा दुसरा स्टार फोर्सबर्गही तसाच, ९१ ला ड्राफ्टमध्ये निवडलेल्या लिंड्रॉसने क्वेबेकची जर्सी घालायला नकार दिला म्हणून ९२ ला फिलाडेल्फियाशी सौदा झाला त्यातून मिळालेला. भांडवल सगळं क्वेबेकचं.

हिशोबी:
भावना कळतात हो, पण तिकिटाचा पैसा कॅनेडियन डॉलरमध्ये आणि पगार अमेरिकन डॉलरमध्ये, एवढ्याशा शहरात हे चालणार किती दिवस? सरकारनेही हात वर केले. ज्याने टीम घेतली त्याने तिचा इतिहासही घेतला, रेकॉर्ड सलगच धरतात.

मेघा:
घेतला ना, मग जपला का नाही? पीटर स्टास्टनी १९८० ला चेकोस्लोव्हाकियातून भावासोबत पळून आला आणि क्वेबेकचा जीव की प्राण झाला. त्याचा २६ नंबर क्वेबेकने रिटायर केलेला, म्हणजे परत कुणाला द्यायचा नाही असा, कोलोराडोने सरळ परत वापरात काढला. पुढे त्याचाच मुलगा पॉल तो नंबर घालून कोलोराडोकडून खेळला म्हणून बरं. आणि २०२०-२१ ला नवी खास जर्सी बाजारात आणायची वेळ आली तेव्हा मात्र नॉर्डिक्सचा लोगो आठवला!

डेन्व्हरकर:
बरं, क्वेबेकने २०१५ ला १८ हजारांचं नवं एरिना बांधलंय, उद्या तिथे एनएचएलची टीम आली तर साकिकचे क्वेबेकमधले गोल कुणाच्या खात्यात धरणार? त्यावर बोला.