स्टेटसची नावं टीमने ठेवावीत, स्क्रिप्टने ती वाचू नयेत

रेवा_के

आमच्याकडे सध्या एक वाद पेटलाय. इथे रोज जिरा, गिटलॅब अशा कामांची नोंद ठेवणाऱ्या टूलमध्ये काम करणारे बरेच जण आहेत, म्हणून तो इथे मांडते. आमच्या पाच टीम आहेत आणि जिरामध्ये प्रत्येकीची टास्कची स्टेटस वेगळी. एकीकडे "कोड रिव्ह्यू", दुसरीकडे "पीआर उघडा" (पीआर म्हणजे कोडमधला बदल मुख्य शाखेत घेण्याची विनंती), तिसरीकडे "रिव्ह्यूला दिलं". आता वरून फर्मान आलंय की सगळ्यांनी एकच यादी वापरायची, म्हणजे एपीआयमधून (स्क्रिप्ट जिराशी बोलते त्या वाटेने) निघणारा आठवड्याचा रिपोर्ट नीट येईल. माझा याला ठाम विरोध आहे.

रिपोर्ट बिघडतो तो स्क्रिप्ट नावांची तुलना करते म्हणून. जिरामध्ये स्टेटसला आयडी असतो, नाव असतं आणि कॅटेगरी असते. नाव माणसांसाठी आहे, ते कोणीही अ‍ॅडमिन उद्या बदलू शकतो. कॅटेगरी मात्र ठरलेल्या आहेत: टू डू, इन प्रोग्रेस आणि डन. एपीआयच्या उत्तरात त्यांच्या की येतात, "न्यू", "इनडिटरमिनेट" आणि "डन". त्या कोणाला बदलता येत नाहीत. "किती कामं सुरू आहेत, किती संपली" एवढंच रिपोर्टला हवं असेल, तर पाच टीमनी पन्नास नावं ठेवली तरी काही बिघडत नाही. लिनिअर या अशाच दुसऱ्या टूलनेही हेच केलंय. टीमला स्टेटसचं नाव हवं ते ठेवू देतात, पण त्यामागचा प्रकार बॅकलॉग, अनस्टार्टेड, स्टार्टेड, कम्प्लिटेड, कॅन्सल्ड अशा ठरावीक प्रकारांपैकीच एक असावा लागतो.

नावावर विसंबलं की काय होतं ते आम्ही पाहिलंय. टेस्टिंगच्या मुलीने "रेडी फॉर क्यूए" बदलून "क्यूएसाठी तयार" केलं. बिल्डच्या स्क्रिप्टमध्ये अट होती की स्टेटसचं नाव "रेडी फॉर क्यूए" असेल तरच बदल टेस्ट सर्व्हरवर चढवायचा. एरर नाही, मेल नाही, ती अट फक्त खरी व्हायची थांबली. टेस्टर जुन्याच बिल्डवर बग नोंदवत राहिले आणि डेव्हलपर "हे कधीच दुरुस्त केलंय" म्हणून ते बंद करत राहिले. शेवटी बोल लागला तो नाव बदलणारीला. तिने तर सगळ्यांना वाचायला सोपं जावं म्हणून बदललं होतं. ज्याने कोडमध्ये नाव गुंतवलं त्याला कोणी विचारलंही नाही. हे मला अजून खटकतं.

बाणेरकर

रेवा, निदान बरोबर आहे पण औषध चुकतंय. तीन कॅटेगरींवर रिपोर्ट काढला तर त्यातून कळतं काय? कोड रिव्ह्यू, टेस्टिंग, क्लायंटची वाट पाहणं, सगळं त्या एकाच "इनडिटरमिनेट"मध्ये जाऊन पडतं. काम नेमकं कुठे अडतंय हेच मला मॅनेजर म्हणून हवं असतं. दोन आठवडे "सुरू आहे" हे उत्तर माझ्या कामाचं नाही.

आता म्हणाल, मग आयडी वापरा. तुमच्या टीम टीम-मॅनेज्ड (टीमच सेटिंग ठरवते अशा) प्रोजेक्टवर असतील तर तिथे प्रत्येक प्रोजेक्टची स्टेटस त्याची स्वतःची असतात. "इन प्रोग्रेस" पाच ठिकाणी दिसलं तरी आयडी पाच वेगळे. नवं प्रोजेक्ट उघडलं की कुठला आयडी म्हणजे कुठलं स्टेटस हे लिहिलेल्या मॅपिंगच्या फाइलमध्ये नवी ओळ. ती फाइल कोण सांभाळणार? आमच्याकडे सांभाळणारा मुलगा सोडून गेला आणि पुढच्या प्रोजेक्टचे आकडे रिपोर्टमध्ये आलेच नाहीत.

म्हणून मी एकच यादी लावली. कंपनी-मॅनेज्ड (सेटिंग अ‍ॅडमिनच्या हातात असलेली) प्रोजेक्ट, सामायिक वर्कफ्लो (टास्क कुठल्या स्टेटसमधून कुठे जाते याचा नकाशा), मोजकी स्टेटस, आणि ती यादी गिटमध्ये एका फाइलीत. नवं स्टेटस हवं असेल त्याने त्या फाइलवर पीआर टाकायचा, मंजूर झाला की स्क्रिप्ट एपीआयमधून ते तयार करते. जिरा क्लाउडमध्ये स्टेटस तयार करायला, बदलायला आणि काढायला एपीआय आहे. स्वातंत्र्य गेलं असं टीमना सुरुवातीला वाटलं. पण माणूस एका टीममधून दुसरीत गेला की त्याला बोर्ड पुन्हा शिकावा लागत नाही, हे नंतर त्यांनाच आवडलं.

चाचणीवाली

तुम्ही दोघंही नावांवर भांडताय. मला त्याहून मोठा प्रश्न पडतो: स्क्रिप्टने टास्क हलवावीच का? आणि हलवायची तर कुठपर्यंत?

पीआर मर्ज झाला की टास्क आपोआप "डन" करायची, हे ऑटोमेशन आता सर्रास दिसतं. मर्ज झालं म्हणजे कोड मुख्य शाखेत गेला, एवढंच. कोणी पडताळलं? ज्याच्यासाठी केलं त्याने पाहिलं? स्क्रिप्टने "डन" केलेली टास्क माझ्या बोर्डवर येतच नाही, आणि बग सापडतो तो ग्राहकाला.

जिराची रचना मला याच कारणासाठी पटते. तिथे स्टेटस थेट लिहिता येत नाही. इश्यू, म्हणजे टास्क, अपडेट करताना स्टेटसचं फील्ड पाठवलं तर ते लावता येत नाही असा एरर मिळतो. आधी त्या इश्यूला विचारायचं की इथून कुठली ट्रान्झिशन (एका स्टेटसमधून दुसऱ्यात जायच्या वाटा) मोकळी आहेत, मग त्यातल्या एकीचा आयडी पाठवायचा. ट्रान्झिशनवर कंडिशन आणि व्हॅलिडेटर लावता येतात, म्हणजे अमुक गटातल्या माणसालाच हलवता येईल, अमुक फील्ड भरल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. आमच्याकडे "डन"कडे नेणारं ट्रान्झिशन बॉटच्या, म्हणजे स्क्रिप्टच्या, खात्याला दिसतच नाही. बॉट "रेडी फॉर टेस्ट"पर्यंत आणतो, पुढे माणूस.

रेडमाइन हे टूल वापरणाऱ्यांनी तर फारच जपावं. तिथे स्टेटस आयडी थेट पाठवता येतो, पण त्या भूमिकेला वर्कफ्लोमध्ये तो बदल मंजूर नसेल तर रेडमाइन तो मुकाट्याने सोडून देतं. उत्तर यशस्वी येतं आणि स्टेटस जिथल्या तिथे. म्हणून लिहिल्यावर परत वाचून पाहायचं, हा आमचा नियम आहे.

सह्यकडा

मी ओपन सोर्सवाला, त्यामुळे मला हा सगळाच पसारा जास्त वाटतो. गिटहबच्या इश्यूला दोनच अवस्था आहेत, उघडा आणि बंद. बंद का केला याचं कारण वेगळं देता येतं, पूर्ण झाला की करायचाच नाही. बाकी सगळं लेबलवर. "मदत हवी", "चर्चा सुरू", "माहिती अपुरी". हवं ते लावा, नको ते काढा. वर्कफ्लो, ट्रान्झिशन, अ‍ॅडमिनची मनधरणी, काही नाही. फावल्या वेळात काम करणाऱ्या लोकांना गेट लावली तर ते निघून जातात.

चाचणीवाली

सह्यकडा, लेबलला गेट नाही हेच तर दुखणं आहे. एकाच इश्यूवर "चर्चा सुरू" आणि "मंजूर" दोन्ही लेबलं मी कितीदा पाहिलीत. त्यातलं खरं कुठलं? गिटलॅबने यासाठी दोन कोलनवाली स्कोप्ड लेबलं काढली. "वर्कफ्लो"च्या स्कोपमधलं एक लावलं की त्याच स्कोपमधलं आधीचं आपोआप निघतं. पण ती सोय फुकटच्या आवृत्तीत नाही.

शिवाय गिटहबचा एपीआय लेबलांच्या बाबतीत नवख्याला हमखास फसवतो. पोस्ट प्रकारच्या विनंतीने लेबल पाठवलं तर असलेल्यांत भर पडते. पुट प्रकारच्या विनंतीने पाठवलं तर आधीची सगळी जातात आणि तुम्ही पाठवलेलीच उरतात. एका प्रोजेक्टमध्ये बॉटने "जुना" हे लेबल पुटने लावलं आणि सुरक्षेचं लेबल असलेले इश्यू यादीतून गायब झाले. इश्यू होते, लेबल उरलं नव्हतं, म्हणून कोणाच्या फिल्टरमध्ये येईनात.

सह्यकडा

पुटचा मुद्दा शंभर टक्के मान्य, पण तो बॉट लिहिणाऱ्याचा दोष. लेबलं वाईट यावरून ठरत नाही. आणि नाव बदलायचं म्हणाल तर गिटहबवर लेबलचं नाव बदललं की ते लावलेल्या सगळ्या इश्यूंवर बदलतं, लेबल कुठूनही सुटत नाही. लहान प्रोजेक्टला यापेक्षा जास्त काही लागत नाही यावर मी ठाम आहे.

इसारकाठ

म्युनिकहून लिहितोय. रेवाच्या बाजूने एक भर. जिरामध्ये स्टेटसच्या नावांचं भाषांतर ठेवता येतं, आणि एपीआय ज्या खात्याने विचारतो त्याच्या भाषेत नाव येऊ शकतं. आमच्या इथल्या अ‍ॅडमिनने इंटिग्रेशनच्या खात्याची भाषा जर्मन केली. पुण्यातल्या टीमची स्क्रिप्ट "डन" शोधत होती, येत होतं "फेर्टिश". पुण्यात बसलेल्यांना त्यांच्या स्क्रीनवर सगळं इंग्रजीतच दिसत होतं, त्यामुळे कारण सापडेना. कॅटेगरीची की वापरली आणि प्रश्न मिटला. वेबहुकच्या (बदल झाला की जिरा आपणहून पाठवतं त्या संदेशाच्या) चेंजलॉगमध्येही, म्हणजे बदलांच्या नोंदीतही, नावांबरोबर आधीच्या आणि नंतरच्या स्टेटसचे आयडी येतात. तेच साठवावेत.

रेवा_के

धन्यवाद इसारकाठ, हे मलाही नवीन आहे.

बाणेरकर, काम कुठे अडतंय हे कळायलाच हवं, त्यात वाद नाही. पण अडण्याचं कारण स्टेटसमध्ये का कोंबायचं? बगझिला या बग नोंदवायच्या टूलने अवस्था आणि निकाल कित्येक वर्षांपूर्वीच वेगळे ठेवले होते. स्टेटस "रिझॉल्व्ह्ड", आणि रिझोल्यूशन फिक्स्ड, इनव्हॅलिड, वोंटफिक्स, डुप्लिकेट असं काही. दोन प्रश्न, दोन रकाने. आपण सगळं एकाच रकान्यात भरतो. "क्लायंटमुळे थांबलंय", "सर्व्हर नाही म्हणून थांबलंय", "अमुकच्या रजेमुळे थांबलंय", आणि बोर्डाला पंधरा रकाने होतात. थांबलंय हा फ्लॅग, कशामुळे हे वेगळं फील्ड, आणि स्टेटस आहे तेच. रिपोर्टही यावर जास्त चांगला निघतो, कारण टेस्टिंगमध्ये असताना थांबलं की डेव्हलपमेंटमध्ये असताना, हेही कळतं. तुमच्या यादीत "क्लायंटची वाट" असं एकच स्टेटस असेल तर ही माहिती हरवते.

बाणेरकर

शेवटचा मुद्दा बिनतोड आहे, डेव्हलपमेंटच्या बोर्डासाठी मी तो उचलणार. पण सपोर्टच्या बाजूला तो चालत नाही. जिरा सर्व्हिस मॅनेजमेंटमध्ये एसएलएचं, म्हणजे करारातल्या वेळेच्या हमीचं, घड्याळ स्टेटसवर थांबवता येतं. "ग्राहकाच्या उत्तराची वाट" या स्टेटसला गेलं की घड्याळ थांबतं, परत आलं की सुरू. करारात दंड आहे, तिथे कुठल्या मिनिटाला काम कोणाच्या कोर्टात होतं याचा हिशेब द्यावा लागतो. एजंट फ्लॅग लावायला विसरतो, पण ग्राहकाला प्रश्न पाठवताना स्टेटस बदलायला विसरत नाही, कारण तिकीट त्याच्या रांगेतून हलावं असं त्यालाच वाटत असतं. म्हणून तिथे ते स्टेटसच राहणार, आणि सगळ्या सपोर्ट टीममध्ये एकच राहणार.

रेवा_के

दंडाचा हिशेब असेल तिथे मान्य. आमच्या पाचही टीम प्रॉडक्टच्या आहेत, म्हणून माझा विरोध कायम.

अनघड

मध्येच विचारतो. एकच यादी करायची ठरली तर जुनी स्टेटस काढायची कशी? हजारो इश्यू त्यात आहेत.

बाणेरकर

काढायची घाई करू नका. वापरात असलेलं स्टेटस वर्कफ्लोमधून काढताना आधी त्यातले इश्यू दुसऱ्या स्टेटसला न्यावे लागतात. स्क्रिप्टने एकेक हलवाल तर मर्यादा आड येईल. फार वेगाने विनंत्या गेल्या की जिरा क्लाउड ४२९ हा "विनंत्या फार झाल्या" असा एरर देतं, मग रिट्राय-आफ्टर हेडरमध्ये सांगितलेला वेळ थांबायचं. गिटहबवर टोकन लावून तासाला ५,००० विनंत्या मिळतात, तेही मोठ्या हलवाहलवीला पुरत नाही. आणि नोटिफिकेशन आधी बंद करा, नाहीतर प्रत्येक इश्यूच्या वॉचरला मेल जाईल.

इसारकाठ

आणि इतिहासाचंही बघा. इश्यूच्या चेंजलॉगमध्ये जुन्या स्टेटसचा आयडी तसाच राहतो. स्टेटस पुसलं की त्या आयडीची कॅटेगरी विचारायला जागा उरत नाही, आणि मागच्या वर्षाचा सायकल टाइम (काम सुरू झाल्यापासून संपेपर्यंतचा वेळ) काढताना मधलेच दिवस गळतात. आधी आयडी, नाव, कॅटेगरी असा तक्ता एपीआयमधून काढून तारखेसह ठेवा, मग इश्यू हलवा, आणि सगळ्यात शेवटी स्टेटस काढा.

अनघड

तक्ता आजच काढतो. इश्यू हलवताना "डन"मध्ये जाणारेही बरेच आहेत, ते स्क्रिप्टनेच करू ना?

चाचणीवाली

बंद होऊन गेलेले जुने इश्यू खुशाल करा. जे अजून उघडे आहेत त्यांची यादी काढून टेस्टरकडे द्या, त्यांनी बघितल्याशिवाय एकही हलवू नका.