विषय: दोन पिशव्या चेस्टनट, काय करू?

नमस्कार मंडळी,

शनिवारी इथे इंग्लंडात केंटच्या रानातून चेस्टनट वेचून आणले. भाजून खाल्ले, शेजारीपाजारी वाटले, तरी दोन पिशव्या उरल्यात. आमच्या घरातले सोलापूरकर म्हणतात, शेंगदाण्यासारखे भाजून डब्यात भर, नाहीतर चटणी कुट. चालेल? आणि उपासाला चालतात का हो?

— केंटहून

---

अगं, डब्यात भरू नकोस, बुरशी धरेल!

जावईबापूंना सांग, शेंगदाण्यात जवळजवळ निम्मं तेल असतं, म्हणून आपली चटणी उखळात कुटताना तेल सोडते आणि टिकते. चेस्टनटमध्ये तेल शेकडा २ च्या आसपास. निम्मं नुसतं पाणी, उरलेलं बहुतेक पिष्ट. त्याला सुकामेवा समजूच नकोस, बटाटा समज. कुटलास तर लगदा होईल.

आधी सगळे पाण्यात टाक. तरंगतील ते बहुधा किडके, काढून टाक. बाकीचे पुसून, भोकं पाडलेल्या पिशवीत घालून फ्रीजच्या भाजीच्या खणात ठेव. दोनेक आठवडे काळजी नाही.

जास्त टिकवायचे तर फ्रीजर. प्रत्येकाला सुरीने आडवी चीर दे. (ओव्हनमध्ये भाजतानाही दे, नाहीतर वाफ कोंडून फाडकन फुटतात, लेकीकडे असताना अख्खा ओव्हन पुसलाय मी.) उकळत्या पाण्यात काही मिनिटं ठेवून चार-चार बाहेर काढ आणि गरम असतानाच सोल. आतली तपकिरी साल तुरट लागते आणि गार झाली की जी चिकटते ती सुटतच नाही. मग परत गरम पाण्यात. सोललेले ताटात सुटे गोठवून मग पिशवीत भर.

वाळवण म्हणशील तर इथलं मे महिन्याचं ऊन तुला ऑक्टोबरात तिथे कुठून मिळणार! इटलीत डोंगरातले लोक खास झोपड्यांमध्ये मंद धुरावर कित्येक दिवस वाळवतात, मग दळतात. तू उकडून सोललेल्यांचे काप कर आणि ओव्हन अगदी मंद ठेवून, दार किलकिलं करून वाळव. कटकन मोडले पाहिजेत. मग हवाबंद बरणीत. पिठाला चिकटपणा नसतो, पोळी लाटायला जाऊ नकोस. तूप-गूळ घालून शिरा कर, गोडसर छान लागतो.

पाण्यात घालून बाटल्यांत मात्र भरू नकोस. आंबटपणा नसलेल्या पदार्थाला नुसती उकळी पुरत नाही, बॉटुलिझमचा, म्हणजे जीवघेण्या विषबाधेचा धोका असतो.

आणि दोन मुठी आजच शिजव: लसूण, काळं तिखट, शेंगांचा कूट घालून पातळसर रस्सा, त्यात उकडलेले चेस्टनट शेवटी सोड, लवकर फुटतात. सोबत कडक भाकरी. जावईबापू चटणी विसरतील.

उपासाचं म्हणशील तर सासूबाईंना विचार. मी खाल्ले असते.

— मावशी, सोलापूर

---

मावशींना जोड: हॉर्स चेस्टनट तर नाहीत ना? ते विषारी. खायच्या चेस्टनटच्या फळावर दाट, बारीक, सुईसारखे काटे, आत बहुधा दोन-तीन बिया आणि प्रत्येकीला टोकाशी छोटी शेंडी. दुसऱ्याच्या हिरव्या टरफलावर थोडेच जाड काटे, बी गोल, शेंडी नाही. शंका आली तर फेकून द्या.

— लंडनहून

---

सगळ्यांना शेंड्या आहेत, पुन्हा पाहिलं. मावशी, सोलापूरकर सोलायला बसलेत, बोटं भाजतात म्हणून कुरकुर चालू आहे. सासूबाई म्हणतात, शिंगाडा चालतो तर हेही चालतं. शिरा ठरला.

— केंटहून